विश्लेषण : गुण मिळाले, मग जागा का निसटते? प्रवेशाची तयारी अकरावीतच का हवी?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले, की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो : नंबर कुठे लागणार? पण तोपर्यंत अनेक मुलांचे अर्धे भवितव्य ठरून गेलेले असते. कुणाची जात पडताळणी अडकलेली असते, कुणी पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरलेला असतो, तर कुणी अकरावीत एक विषय सोडून एक वाटच बंद करून घेतलेली असते. दोन वर्षे क्लास, टेस्ट सिरीज आणि गुणांचा हिशेब चालतो. प्रवेशाचा हिशेब मात्र शेवटच्या १५ दिवसांत उरकला जातो. अभियांत्रिकी प्रवेशाच्या उदाहरणावरून हे नीट समजून घेता येते.

बारावीचे गुण की सीईटी?

राज्यातील अभियांत्रिकी पदवीची गुणवत्ता यादी प्रामुख्याने एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीच्या संबंधित विषयांत खुल्या प्रवर्गासाठी एकत्रित किमान ४५ टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण ही पात्रतेची अट असते. म्हणजे बारावी हे दार आहे आणि सीईटी ही रांग. पीसीएम गटाची सीईटी २०० गुणांची असते. त्यात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी ५० गुण, तर एकट्या गणिताला १०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. ‘अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष’ हा समज इथेच महागात पडतो.

आणखी एक गोंधळ पर्सेंटाइलचा. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के विद्यार्थ्यांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे बारावीचे टक्के आणि सीईटीचे पर्सेंटाइल यांची तुलना करून मुलाला बोल लावण्यात अर्थ नसतो.

पसंतीक्रमात नेमके काय होते?

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, संगणक गुणवत्ता यादीतील विद्यार्थी क्रमाने घेतो. ज्याची पाळी येईल त्याची यादी वरून खाली तपासतो आणि जिथे जागा शिल्लक असेल तो पहिला पर्याय त्याला देतो. याचा सरळ अर्थ असा, की वर एखादे अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. पहिला पर्याय मिळाला नाही तर संगणक दुसऱ्याकडे जातो, त्याची कोणतीही शिक्षा नसते.

तरीही ‘आपल्या पर्सेंटाइलला मिळेल तेच वर टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि नव्या नियमांत धोक्याचाही. २०२५-२६ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठवला जातो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी पर्याय मिळाला तरी तेच. म्हणजे सुरक्षित म्हणून वर टाकलेले महाविद्यालय मिळाले, तर पुढच्या फेऱ्यांत चांगल्या जागेची वाट पाहण्याची संधी संपते. म्हणून नियम एकच : जे मनापासून हवे ते वर, त्यापेक्षा कमी हवे ते खाली आणि जिथे जायचेच नाही ते यादीतच नको.

गेल्या वर्षीचा कट-ऑफ जरूर पाहावा, पण तो कुणी आधी ठरवलेला आकडा नसतो. शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली त्याचे ते पर्सेंटाइल असते. यंदा तो वर जाईल किंवा खाली येईल. त्याच्या आधाराने यादीची लांबी ठरवावी, क्रम नव्हे.

खरी अडचण कागदांची का?

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी पूर्वजांच्या जातीचे आणि राज्यातील वास्तव्याचे पुरावे मागितले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे द्यावे लागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून महसुली नोंदींपर्यंत शोधाशोध आली. कामासाठी गाव सोडलेल्या किंवा ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी आहे अशा कुटुंबांना हे पंधरा दिवसांत जमणारे नाही.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि मराठा आरक्षणाखालील विद्यार्थ्यांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही लागते. ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश आहे, त्या वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावे लागते. दोन वर्षांपूर्वी काढून ठेवलेला कागद फाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहिलेले पालक इथे फसतात.

कागद नसला तर काय होते? गुण असूनही विद्यार्थी खुल्या प्रवर्गात मोजला जातो आणि हवी ती जागा हातून जाते. मग संस्थास्तरावरील कोट्यातून प्रवेश घेण्याची वेळ येते आणि सवलतीही सुटतात. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि मराठा आरक्षणाच्या प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. पण ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशालाच आहे. एका कागदाअभावी कॅपची जागा गेली, तर त्या मुलीच्या घरावर चार वर्षांचे पूर्ण शुल्क येऊन पडते. अशा वेळी ‘जवळच्या कॉलेजात बीएस्सी कर’ हा निर्णय घरात कोणाविषयी आधी होतो, हे सांगण्याची गरज नाही.

दोष फक्त पालकांचा का?

नाही. सरकारने प्रक्रिया ऑनलाइन केली, ती पारदर्शकही झाली. पण माहिती समजून घेण्याचा भार मात्र कुटुंबावर टाकला. शहरात पैसे मोजून समुपदेशक मिळतो, तो पर्यायांची यादी तयार करून देतो. तालुक्याच्या गावात तेच काम सेतू केंद्राबाहेरच्या गर्दीत, दहा मिनिटांत उरकले जाते. परीक्षा सर्वांना सारखी असली तरी रांगेत उभे राहण्याची माहिती सारखी नाही. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेतील ही मोठी विषमता आहे.

पडताळणी प्रमाणपत्रे वेळेत मिळत नाहीत म्हणून अर्जाची पावती ग्राह्य धरून मुदतवाढ देण्याची वेळ सरकारवर याआधी आली आहे. विद्यार्थ्यांना त्याने दिलासा मिळतो हे खरे, पण दुखणे तसेच राहते. रत्नागिरी जिल्ह्यातील ‘मंडणगड पॅटर्न’ने वेगळा मार्ग दाखवला आहे. विद्यार्थ्याने समितीच्या कार्यालयात खेटे घालण्याऐवजी महाविद्यालयातच अर्ज भरून घ्यायचे आणि प्रमाणपत्रे वेळेत द्यायची, ही ती कल्पना. ती प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात, अकरावीच्या पहिल्या सत्रातच राबवणे अवघड नाही. सोबत पसंतीक्रम कसा भरावा यावर दोन तासिका घेतल्या, तरी कितीतरी घरांचे पैसे आणि मनस्ताप वाचेल. पूर्णवेळ क्लासच्या सोयीसाठी केवळ नावापुरते प्रवेश देणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांना तर ही जबाबदारी आठवून देण्याची गरज आहे.

मग केव्हा काय करावे?

दहावीनंतर : अकरावीचे विषय निवडताना पुढची दारे पाहावीत. गणित सोडले की अभियांत्रिकीची नेहमीची वाट बंद होते, जीवशास्त्र सोडले की नीटची.

अकरावीत : जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि जुने पुरावे जमवून पडताळणीचा अर्ज करावा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि दाखल्यांवरील नाव सारखे आहे का, हे तपासावे. स्पेलिंगमधली एक चूकही प्रवेशाच्या वेळी डोकेदुखी ठरते.

बारावीत : उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र नव्याने काढावे. महाविद्यालयांचे मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावे आणि त्यात वसतिगृह, मेस व प्रवास मिळवून चार वर्षांचा खर्च काढावा. शुल्कमाफीच्या जागांचा पर्यायही उत्पन्नाच्या अटीत बसत असल्यास विचारात घ्यावा.

निकालानंतर : त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावी, कारण नियम बदलतात. अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे ठेवावा आणि ‘सबमिट’ करण्यापूर्वी पूर्ण यादी मुलाने स्वतः वाचावी. पुढची चार वर्षे त्या महाविद्यालयात त्याला काढायची आहेत, अर्ज भरून देणाऱ्याला नाही.