धारप वाचायचे, पण सुरुवात कुठून?

'तुंबाड' पाहून आलेली आपल्याकडची कॉलेजची मुलं हमखास विचारतात, "असलं मराठीत वाचायला काही आहे का?" आहे की! राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीवरून, पण कल्पनेचं बीज नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेतलं. सिनेमा १९१८ पासून १९४७ पर्यंत येतो. राज्य बदलतं, वाड्याची मालकी बदलते, हाव तशीच राहते. मला त्यातलं हेच सगळ्यात भीतीदायक वाटलं.

धारपांची शंभराच्या आसपास पुस्तकं आहेत, त्यामुळे जे हाताला लागेल ते उचलू नका. आधी कथासंग्रह घ्या, त्यातही समर्थांच्या कथा. कुणावर तरी काहीतरी अघोरी संकट येतं आणि समर्थ त्यातून वाट काढतात. चार-पाच कथांनंतर शेवटाचा अंदाज येऊ लागतो, हे खरं. तरी मला त्या आवडतात, कारण त्यांच्यातल्या दुष्ट शक्तीलाही नियम असतात. आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना तेवढं बरं वाटतं.

मग 'लुचाई'. ही स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, म्हणून काहीजण नाक मुरडतात. मुरडू देत. एक गाव घराघराने पोखरलं जातं आणि शेजारचे लोक प्रत्येक वेळी काहीतरी साधं कारण शोधून गप्प बसतात. भुताचा भाग काढून टाकला तरी ही गोष्ट उरते. सत्ता गावात कशी शिरते, हे मला नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त कळलं. 'शपथ' मात्र शेवटी. तीही किंगच्याच 'इट'वरून आलेली, पण तिला निवांत सुट्टी हवी.

सुरतेत वाढलेल्या मुलांची अडचण वेगळी. गुजराती माध्यमातली असली तरी हिंदीमुळे देवनागरी येते. अडतात ती माजघर, फडताळ, परसदार, कोनाडा अशा शब्दांवर. डिंडोलीच्या फ्लॅटमध्ये माजघर कुठून दाखवणार? माझा भाचा नववीत आहे. तो रात्री आजीला एक कथा मोठ्याने वाचून दाखवतो. शब्द अडला की आजी धुळ्याकडचं तिचं जुनं घर सांगायला लागते, आणि कथा अर्धीच राहते. त्या घरातल्या धान्याच्या कोठीबद्दल, विहिरीबद्दल मीही पहिल्यांदाच ऐकलं. तिचं वय आता ८१ आहे, तेव्हा कथा अर्धी राहिली तरी आम्ही कुणी तिला थांबवत नाही.

साकेत प्रकाशनाने धारपांची बरीच पुस्तकं पुन्हा काढली आहेत, ऑनलाइन मागवता येतात. वाचायचा कंटाळा असेल तर काही ऑडिओबुकही आहेत, पण मग अडलेला शब्द तसाच पुढे निघून जातो. आणि बारा वर्षांखालच्यांना 'लुचाई' देऊ नका. रात्री बाथरूमपर्यंत सोबत तुम्हालाच जावं लागेल!