परसबागेतली भाजी कोणाच्या ताटात?

मृगाचा पाऊस पडला की आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावात दोन पेरण्यांची तयारी सुरू होते. पहिली शेतातली. कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या त्या पेरणीची चर्चा पारावर, कृषी सेवा केंद्रात आणि बँकेत होते. दुसरी घरामागच्या वाडीतली. कुंपणावर दोडके आणि कारले, ओट्याजवळ भेंडी, मोरीच्या पाण्यावर धोप्याची पाने आणि उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचा वेल. या पेरणीची चर्चा कुठेच होत नाही, कारण तिला बाजारभाव नाही. घरातल्या बाईने पदराला बांधून ठेवलेले चार दाणे, एवढेच तिचे भांडवल.

हा भाग कापसाचा. पुलगाव ते आर्वी ही अरुंद मापाची रेल्वेसुद्धा एकेकाळी कापसासाठीच टाकली गेली. नगदी पिकाने गावात पैसा आणला, पण त्याची एक बाजू कमी बोलली जाते. चारही बाजूंना शेती असलेल्या गावात भाजी मात्र आठवडी बाजारातून येते. बाजाराच्या दिवशी ताटात पालक, मेथी दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी बटाटे, डाळ आणि ठेचा उरतो. पालेभाजीतले क जीवनसत्त्व तोडल्यापासूनच घटू लागते आणि उष्णतेत ही घट अधिक वेगाने होते. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा बाजारातून घरी आलेल्या जुडीत हिरवा रंग असतो, पण पोषण बरेचसे वाटेतच गेलेले असते. वाफ्यापासून चुलीपर्यंतचे अंतर वीस पावलांचे असणे, हा परसबागेचा पहिला आणि सर्वात साधा फायदा आहे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत परसबागेला सरकारी आश्रय मिळाला. राज्यात ‘उमेद’ अभियानाने बचतगटांमार्फत पोषण परसबागेची मोहीम राबवली. शाळांमध्ये पोषणबागा असाव्यात, यासाठी केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. हे सगळे स्वागतार्ह आहे. मात्र परसबाग केली की रक्तक्षय गेला, असे जे सरसकट सांगितले जाते, ते तपासून घ्यायला हवे.

प्रश्न छोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 48 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण 54.2 टक्क्यांवर गेले. म्हणजे दोनपैकी एकीहून अधिक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागते. शंभर ग्रॅम पालकात ते साधारण 3 मिलिग्रॅम असते. केवळ पालकावर ही गरज भागवायची, तर रोज किलोभर भाजी खावी लागेल. शिवाय वनस्पतींतले लोह शरीर फार थोडे शोषते, आणि पालकातल्या ऑक्झलेटसारख्या घटकांमुळे ते आणखी कमी होते. जेवणासोबत घेतलेला चहाही शोषणात अडथळा आणतो.

याचा अर्थ पालेभाजी निरुपयोगी, असा नाही. तिच्यातून फोलेट मिळते, ‘अ’ जीवनसत्त्वाचा आधार असलेले कॅरोटीन मिळते, तंतुमय पदार्थ मिळतात. त्याच जेवणात लिंबू पिळले, तर लोहाचे शोषण वाढते. भाजीला थोडे तेल असले, तर कॅरोटीन अंगी लागते. जगभरातल्या परसबागांवरील अभ्यासांचा सूरही साधारण असाच आहे. बागेमुळे ताटातली विविधता वाढते आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे सेवन सुधारते. पण रक्तातले हिमोग्लोबिन किंवा मुलांची उंची तेवढ्याने हमखास वाढत नाही. त्यासाठी आहाराचे शिक्षण, जंतांवरचे औषध, लोह-फोलिक आम्लाच्या गोळ्या आणि वेळेवर रक्ततपासणी यांची जोड लागते. वाडीत शेवगा आहे म्हणून गरोदर लेकीने गोळ्या बंद केल्या, तर ती बाग उपकारापेक्षा अपकारच करील.

बागेची आवड असलेली माणसे दुसऱ्यांच्या बागा पाहायला आवर्जून जातात. रोहण्याहून सेवाग्राम एका दिवसात पाहून येता येते. 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम सुरू झाल्यावर गांधीजींनी स्थानिक पालेभाज्यांवर आहाराचे प्रयोग केले आणि हिरव्या पानांच्या पोषणमूल्याविषयी ‘हरिजन’मध्ये लिहिले. कुंपणाकडेला फुकट उगवणारे पान गरिबाच्या ताटात का नाही, ही त्यांची विचारणा होती. तरोटा, घोळ, आंबाडी यांच्याकडे ‘गरिबांची भाजी’ म्हणून पाहणाऱ्या आजच्या पिढीलाही ती लागू पडते. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेतीतून शिकतात.

आणखी लांबचा प्रवास करायचा, तर अकोले तालुक्यातले कोंभाळणे आहे. राहीबाई पोपेरे यांनी तिथे गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोंभाळण्याहून परतताना पिशवीत चार बिया येतातच. मात्र डोंगराळ, जास्त पावसाच्या गावातला वाल विदर्भाच्या काळ्या जमिनीत आणि कोरड्या उन्हात तसाच फळेल, याची खात्री नसते. त्यांच्याकडून घ्यायची ती बी राखायची सवय. पहिली निरोगी शेंग वेलावरच वाळू द्यायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची, शेजारणीला द्यायची. ज्या बागेचे बी दरवर्षी पाकिटातून येते, ती योजना थांबली की थांबते.

या बागांचे खरे दुखणे मात्र बियाण्यात नसून पाण्यात आणि श्रमात आहे. आषाढ ते कार्तिक वाडी आपोआप फुलते. दसऱ्यानंतर पालक, मेथी, मुळा आणि सांबार येतो. थंडीत वांगी आणि वालाच्या शेंगा. होळीनंतर वाफे ओस पडतात, आणि नेमक्या याच काळात बाजारातली भाजीही महाग होते. मोहिमेचे यश पावसाळ्यात तयार झालेल्या बागांच्या संख्येवर मोजले, तर ते दरवर्षी मिळेल. ते एप्रिलमध्ये हिरव्या राहिलेल्या वाफ्यांवर मोजायला हवे. त्यासाठी शेवगा आणि कढीपत्त्यासारखी टिकाऊ झाडे, मुळांशी पुरलेला माठ, पाल्याचे आच्छादन आणि धुण्याभांड्याच्या पाण्याचा शहाणा वापर लागतो. पक्के कोहळे सावलीत कित्येक आठवडे टिकते. उन्हाळ्यातले कॅरोटीन पावसाळ्यातच साठवता येते, ते असे.

श्रमाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. शहरातल्या गच्चीवर बाग करणाऱ्याला ती व्यायाम आणि विरंगुळा देते, आणि ते खरेच आरोग्याचे आहे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदण करून आलेल्या बाईला मात्र वाडीला पाणी घालणे ही दिवसाची तिसरी पाळी ठरते. तिच्याच रक्तक्षयावरचा उपाय म्हणून तिच्याच अंगावर आणखी काम टाकायचे, हा न्याय नव्हे. पाण्याच्या बादल्या घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी उचलल्या, तरच परसबाग तिच्या आरोग्याच्या बाजूने उभी राहते.

एक धोकाही सांगायला हवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक जणांचा जीव गेला. तोच पंप वाडीतल्या वांग्यांवर फिरवणे किंवा औषधाच्या रिकाम्या डब्याने पाणी घालणे, यामुळे बागेचा सगळा हेतूच संपतो. कपाशीचे औषध भाजीवर नको, हा नियम घरात पक्का हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रोज किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या पोटात जायला हव्यात. आपल्याकडे भाजी शिजते ती कढईभर, पण वाढली जाते आधी घरच्या पुरुषांना, मग मुलांना. शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला तळाचा रस्सा येतो. या रीतीला हात न लावता वाफे वाढवले, तर वाढलेली भाजीही त्याच क्रमाने संपेल. पुढच्या मृगाला बी टोकण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र जेवायला बसण्याची सवय लावावी. तिला ना पाणी लागते, ना अनुदान.