नंदादेवीचे दार कोणासाठी बंद?

२६ मार्च १९७४ रोजी चमोली जिल्ह्यातील रैणी गावचे पुरुष गावात नव्हते. सैन्याने घेतलेल्या जमिनींचा मोबदला मिळणार म्हणून त्यांना चमोलीला बोलावण्यात आले होते आणि नेमक्या त्याच दिवशी ठेकेदाराची माणसे कुऱ्हाडी घेऊन ऋषिगंगेच्या जंगलात शिरत होती. योगायोग म्हणावयाचा तर म्हणावा! गौरादेवी आणि त्यांच्यासोबतच्या सत्तावीस स्त्रिया आडव्या आल्या. लिलावात विकली गेलेली सुमारे अडीच हजार झाडे वाचली. ‘चिपको’चा हा इतिहास आमच्या वाचकांना ठाऊक आहे. त्यानंतर या जंगलाच्या रक्षकांचे काय झाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९८२ साली याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवी शिखराभोवती, सुमारे ६३० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. गिर्यारोहकांच्या मोहिमांनी तेथे कचऱ्याचे ढीग साचविले होते, कस्तुरीमृगाची शिकार होत होती. तेव्हा निर्बंध हवेच होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दार बंद झाले ते सर्वांनाच. लाता, रैणी, तोलमा येथील भोटिया मेंढपाळांची बुग्याले, म्हणजे उंचावरची उन्हाळी कुरणे गेली, जडीबुटी गेली, मोहिमांबरोबर मिळणारी हमालीही गेली. शिखर जागतिक वारसा ठरले, आणि ज्यांनी ते राखले ते घुसखोर ठरले. १९९८ साली ‘झपटो छीनो’ अशी घोषणा देत हे लोक बंद क्षेत्रात शिरले, ते काही हौसेने नव्हे. २००१ साली लाता येथे त्यांनी स्वतःचा जाहीरनामा काढला. त्यातील पर्यटनाची कल्पना निसर्गाला जपणारी होती. तिची सूत्रे मात्र गावाच्या हाती हवी होती.

आता दुसरी बाजू पाहा. मेंढीच्या खुराने ज्या निसर्गाला धोका होतो असे सांगितले गेले, त्याच उद्यानाच्या वेशीवर, रैणीजवळ, १३.२ मेगावॅटचा ऋषिगंगा जलविद्युत प्रकल्प उभा राहू शकला. गावकऱ्यांनी सुरुंगांविरुद्ध तक्रारी केल्या, २०१९ साली ते उच्च न्यायालयातही गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंती शिखराचा खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला. ऋषिगंगा प्रकल्प वाहून गेला, खालच्या ५२० मेगावॅटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात गाळ भरला, आणि दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. त्यांत बहुसंख्य कामगार होते. कडा प्रकल्पामुळे कोसळला असे आम्ही म्हणत नाही. पण अशा नदीच्या पात्रात, धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेविना, मजुरांना उतरविणे हा निसर्गाचा निर्णय नव्हता.

त्याच वर्षी जुलैत दोन्ही प्रकल्पांच्या परवानग्या रद्द करा आणि रैणीचे पुनर्वसन करा, अशी मागणी घेऊन पाचजण पुन्हा न्यायालयात गेले. त्यांत रैणीचे रहिवासीही होते. याचिका फेटाळली गेली, त्यांच्या हेतूविषयी शंका घेतली गेली आणि प्रत्येकी १०,००० रुपये दंड बसला. त्याआधी जूनमध्ये, दरडींनी गाव खचू लागले तेव्हा, गौरादेवींचा पुतळाही तेथून हलवावा लागला होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने राष्ट्रीय उद्यानांतही चराईचे व सामूहिक वनसंपत्तीचे हक्क मान्य केले आहेत. नंदादेवीच्या गावांना ते द्यावेत, रैणीला सुरक्षित जागी वसवावे, आणि ऋषिगंगेवर यापुढे काही बांधावयाचे झाल्यास ग्रामसभेच्या संमतीविना एक दगडही हलवू नये. डेहराडून आणि दिल्ली येथील दोन्ही सरकारांकडे आमची ही मागणी आहे.