विश्लेषण : निवेदन दिले, फोटो काढला, पुढे काय? छोट्या व्यापाऱ्याने आपले म्हणणे कायदेमंडळापर्यंत कसे न्यावे?

नौपाड्यात गोखले रोड किंवा राम मारुती रोडवर दुकान चालवणाऱ्याला कायद्याची आठवण सहसा नोटीस आल्यावरच होते. मग संघटनेचे चार पदाधिकारी जमतात, लेटरहेडवर निवेदन टाइप होते, पुष्पगुच्छासह ते लोकप्रतिनिधीच्या हाती दिले जाते आणि फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो. त्या कागदाचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र कोणी जात नाही. मोठ्या कंपन्या या कामासाठी स्वतंत्र विभाग पोसतात. छोट्या व्यावसायिकाला ते परवडत नाही, पण त्याच्या हातात काहीच नाही असेही नाही.

‘लॉबिंग’ म्हणजे गैरप्रकार का?

नाही. आपल्याकडे हा शब्द बदनाम आहे, कारण त्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. अमेरिकेत १९९५च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना नोंदणी आणि खर्च जाहीर करणे बंधनकारक आहे. भारतात २०१३ मध्ये खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी असे अशासकीय विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही.

तरीही रेषा स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधीला भेटणे, आकडे देणे, कायद्यात दुरुस्ती सुचवणे हा नागरिकाचा हक्क आहे. काम व्हावे म्हणून पैसे किंवा भेटवस्तू देणे हा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘द्यावेच लागते’ ही सबब छोट्या दुकानदाराला वाचवणार नाही.

एलबीटीच्या लढ्याने काय शिकवले?

ठाण्यातल्या व्यापाऱ्याला दूरची उदाहरणे शोधायला नकोत. एप्रिल २०१३ मध्ये शहरात जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. जकात नाक्यावर वसूल होत असे. एलबीटीचा हिशेब मात्र दुकानदारानेच ठेवायचा आणि भरायचा होता. खरा धसका दराचा कमी, महापालिकेच्या तपासणीचा जास्त होता. एप्रिल-मे २०१३ मध्ये मुंबई, ठाणे, पुण्यातल्या बाजारपेठांनी शटर खाली ओढले.

बंदने लक्ष वेधले, पण कर गेला नाही. तो गेला १ ऑगस्ट २०१५ रोजी, वार्षिक उलाढाल ५० कोटींच्या आत असलेल्यांसाठी. मधल्या दोन वर्षांत हा विषय २०१४च्या विधानसभा निवडणुकीत आला आणि मार्च २०१५च्या राज्य अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली. ‘वसुली व्हॅटबरोबरच करा’ असा पर्याय व्यापारी संघटनांनी आधीच पुढे केला होता. महापालिकांचे बुडणारे उत्पन्न राज्याने अनुदानातून भरून दिले. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये या भरपाईसाठी स्वतंत्र कायदाही झाला.

यातून दोन धडे मिळतात. शटर खाली ओढल्याने बातमी होते, निर्णय मात्र निवडणूक आणि अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकाने होतो. आणि ‘कर काढा’ म्हणताना ‘मग पैसे कुठून येणार’ याचे उत्तर सोबत असेल, तरच मागणीला वजन येते.

दार कोणाचे ठोठवायचे?

चुकीच्या दारावर दिलेले निवेदन वाया जाते. दुकानाचा मालमत्ता कर, फलकाचा परवाना, फूटपाथ आणि पार्किंग हे विषय महापालिकेचे. तिथे नगरसेवक आणि नौपाडा-कोपरी प्रभाग समिती गाठायची. दुकाने व आस्थापना कायदा आणि व्यवसाय कर राज्याचे, म्हणजे आमदारांचे काम. आयकर आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा केंद्राचे, म्हणून खासदार. जीएसटीचा दर ना आमदार बदलू शकतात, ना खासदार एकट्याने. तो जीएसटी परिषदेत ठरतो आणि तिथे राज्याचा प्रतिनिधी मंत्री असतो. पॅकबंद फरसाणावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो या परिषदेच्याच निर्णयाने.

नौपाड्याचे लोकप्रतिनिधी म्हणजे विधानसभेत ठाणे मतदारसंघातून २०१४ पासून निवडून येणारे संजय केळकर आणि लोकसभेत २०२४ मध्ये निवडून आलेले नरेश म्हस्के. बहुतेक दुकानदार तिसरे नाव विसरतात. विधान परिषदेत कोकण पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व निरंजन डावखरे करतात. पदवीधर दुकानदाराने तिथे मतदार म्हणून नोंद केली असेल, तर त्याच्या शब्दाला तिथेही किंमत आहे.

निवेदनात काय असावे?

‘व्यापारी देशोधडीला लागेल’ हे वाक्य प्रत्येक निवेदनात असते, म्हणून ते कोणी वाचत नाही. एका पानात चार गोष्टी पुरेत : कोणत्या कायद्याचे कोणते कलम, त्याने आपल्या दुकानाचे नेमके काय होते, त्याऐवजी कोणते शब्द हवेत, आणि त्याने सरकारचे किंवा इतर कोणाचे काय नुकसान होईल. शेवटचा मुद्दा लपवू नये. विरोधी बाजू तो काढणारच. आपणच आधी सांगितला तर विश्वास वाढतो.

४५ दिवसांचा नियम : आपली बाजू कोणती?

हिशेब मांडण्याआधी घरातच एकमत लागते. त्याचे ताजे उदाहरण आयकर कायद्यातले कलम ४३ ब (एच). २०२३च्या वित्त कायद्याने ते आले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटली आणि वर्षअखेरीसही देणे बाकी राहिले, तर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. पैसे देऊ त्या वर्षी मिळते.

समजा, ३१ मार्चला एखाद्या साडीच्या दुकानाची अशी थकबाकी १० लाख रुपये आहे. ३० टक्के दर धरला तर ३ लाखांचा कर वर्षभर आधी भरावा लागेल. दुकान ९० दिवसांच्या उधारीवर चालत असेल तर हा फटका मोठा आहे. म्हणूनच कापड व्यापाऱ्यांच्या अनेक संघटनांनी नियम पुढे ढकलण्याची मागणी केली. पण वागळे इस्टेटमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारासाठी हाच नियम आधार आहे. मोठ्या ग्राहकाकडे अडकलेल्या पैशासाठी त्याने वर्षानुवर्षे फोन केलेले असतात.

यात आणखी एक विसंगती आहे. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना ‘एमएसएमई’मध्ये घेतले गेले, पण फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरते. उशिरा मिळणाऱ्या पैशांविरुद्धचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. म्हणजे नौपाड्याचा दुकानदार देताना ४५ दिवसांना बांधील, पण त्याचे पैसे थकले तर त्याला हे कवच नाही. मग मागणी ‘नियम रद्द करा’ ही असावी, की ‘आम्हालाही त्यात घ्या’ ही? माझ्या मते दुसरी. ती वागळे इस्टेटच्या कारखानदाराला शत्रू करत नाही आणि खासदारालाही दोन मतदारांपैकी एकाची निवड करायला लावत नाही.

विधिमंडळात कोणती आयुधे? कधी?

आमदाराला नुसते ‘लक्ष घाला’ म्हणण्यापेक्षा तारांकित प्रश्न विचारायला किंवा लक्षवेधी सूचना मांडायला सांगावे. तारांकित प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि ते नोंदीवर राहते. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. अशासकीय विधेयकावर मात्र फार भिस्त ठेवू नये. संसदेत आजवर अशी केवळ १४ विधेयके कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये.

वेळ महत्त्वाची. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. प्रश्न कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात; अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. अर्थसंकल्पाशी जोडलेली मागणी दिवाळीची गर्दी ओसरल्यावर लगेच हाती घ्यावी. विधेयक संयुक्त समितीकडे गेले किंवा नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी निघाला, तर लेखी म्हणणे मुदतीत पाठवावे. विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. आपल्या धंद्याच्या नियमांवर दुकानदारांच्या किती सूचना जातात, हे प्रत्येक संघटनेने स्वतःला विचारावे.

एकट्याने की संघटनेने?

गाऱ्हाणे एकट्याचे असू शकते, मागणी संघटनेचीच हवी. ठाण्यात लघुउद्योजकांची ‘टिसा’, डोंबिवलीत कारखानदारांची ‘कामा’, राज्य पातळीवर ‘फॅम’ आणि ‘कॅमिट’ या संस्था आहेत. रस्त्यापुरत्या व्यापारी मंडळाने यांच्याशी जोडून घ्यावे आणि पाठपुराव्याची जबाबदारी एका माणसावर टाकावी. निवेदनाचा आवक क्रमांक घेणे, महिन्याने विचारणा करणे, उत्तर आल्यावर सभासदांना कळवणे, एवढेच ते काम आहे. लोकप्रतिनिधीने प्रश्न विचारला तर आभाराचे पत्रही पाठवावे. निवडणुकीत मंडळाने कोणाचाही झेंडा हाती घेऊ नये. पुढची पाच वर्षे काम सगळ्यांशीच असते.

आणि काऊंटरच्या पलीकडचा माणूस?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापना कायद्याच्या नोंदणीची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेण्यास आणि कामाचे तास ९ वरून १० करण्यास मंजुरी दिली. मालकाच्या डोक्यावरचा कागदपत्रांचा भार यामुळे हलका होतो. पण कळवा-दिव्याहून लोकलने येणाऱ्या सेल्सगर्लसाठी दहावा तास म्हणजे घरी पोहोचायला झालेला उशीर. तीही मतदार आहे आणि तिचाही आमदार आहे.

म्हणून सवलत मागताना आपण काय पाळू, हेही लिहून द्यावे : साप्ताहिक सुटी, जादा तासांचे पैसे, वेळेवर पगार. यात भाबडेपणा नाही. कामगार संघटनेने विरोध केला तर कोणताही लोकप्रतिनिधी एकट्या व्यापाऱ्याच्या बाजूने फार काळ उभा राहत नाही. ज्या मागणीत दुकानातला नोकर, पुरवठादार आणि गिऱ्हाईक यांचीही सोय पाहिलेली असते, ती सभागृहात मांडणे आमदाराला सोपे जाते. आणि मंत्र्यालाही ती फेटाळणे कठीण होते.