घरफाळ्याचा हिशेब घरातच व्हावा

घरफाळ्याची मागणी आली की आमचे शेतकरी व कारागीर बंधू एक तर मुकाट्याने पैसे भरतात, नाहीतर पारावर बसून कुरकुरतात. आकडा आला कोठून, हे कोणी विचारीत नाही. गावास गटार व दिवा हवा तर फाळा दिलाच पाहिजे. परंतु न समजता दिलेला पैसा कर नव्हे, ती आंधळेपणाची खंडणी होय.

सन 2015 च्या नियमदुरुस्तीपासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायती घराच्या भांडवली मूल्यावर हा कर आकारतात. ते गणित सहावीच्या मुलास सुटेल. समजा, एकमजली घर 40 चौरस मीटर आहे. जमिनीचा दर मीटरास 1,000 रुपये धरला, तर जागेचे 40,000 झाले. बांधकामाचा दर 10,000 धरून घर जुने म्हणून घसाऱ्याने पाऊणपट केले, तर बांधकामाचे 3,00,000. एकूण 3,40,000. राहत्या घराचा भारांक 1, म्हणून रक्कम तीच. हजारी 80 पैसे कर असेल, तर 272 रुपये झाले. हे दर उदाहरणापुरते. खरे दर आपापल्या पंचायतीत पाहावेत.

आता लिहिणाराने 40 चे 60 लिहिले, तर तेच घर 408 रुपये भरील. आकारणी चार वर्षांनी फिरते. तोवर 544 रुपये फुकट गेले! मातीचे घर पक्के म्हणून नोंदले गेले, तर बोजा आणखी वाढेल.

शाहू छत्रपतींनी करवीर राज्यात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि 1918 साली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. गावचे दप्तर एका घराण्याच्या मुठीतून सुटले. पण सुटलेले दप्तर आम्ही वाचणार नसू, तर मूठ बदलली एवढेच म्हणावे लागेल.

यास्तव बंधुभगिनींनो, पंचायतीतून नमुना 8 चा उतारा मागा. त्यातील लांबी-रुंदी फितीने घरावर ताडून पाहा; बांधकामाचा प्रकार, घराचे वय व वापर तपासा. नवी आकारणी यादी लागली की हरकतीची मुदत दवडू नका; हरकत लेखी द्या व पोच घ्या. गुणाकार मात्र घरच्या शाळकरी मुलीकडून किंवा मुलाकडून करवून घ्या. शिकलेली विद्या उंबऱ्याच्या आत कामी येते, हे त्यांनाही कळेल.