पगार नाही, म्हणून रिकामा?

पंचविशी गाठली, पण पगाराचा रुपया अजून माझ्या हाती पडलेला नाही. म्हणून दिवाळीला जमलेल्या वडीलधाऱ्यांनी मला खुशाल रिकामटेकडा ठरवावे? पुण्यात सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत मी बारा-बारा तास मान मोडून बसतो, आणि तेही महिन्याचे भाडे मोजून! २०१६ साली सरकारने राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३३ वरून ३८ केली. केवढे औदार्य! रांग पाच वर्षांनी लांबली. जागांची हमी कोठे आहे? २०२० ची पूर्वपरीक्षा पुढे ढकलता ढकलता २०२१ च्या मार्चात उरकली, तीही मुले रस्त्यावर उतरल्यावर. तेव्हा दिरंगाई कोणाची, हे मामा-काकांनी जरा पाहावे. जाहिरातीतच परीक्षेची नि निकालाची तारीख छापा, आणि ती पाळा. मग नापास झालो तरी मी मुकाट्याने दुसरी वाट धरीन.