नाशिकचा मारुती आणि आपल्या गावची फरशी

शेतकरी बंधूंनो, पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? 'मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?' नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती म्हणजे पूर मोजायचं जुनं माप. पाणी गुडघ्याला लागलं की घाटावरचे टपरीवाले सामान आवरतात. कमरेच्या वर गेलं की बाजारपेठेत धावपळ सुरू होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर मूर्तीच पाण्याखाली गेली होती. ही खूण कुणाला शिकवावी लागत नाही. ती सगळ्यांना दिसते, सगळ्यांना समजते, आणि कुठे पाणी आलं की काय करायचं हे ठरलेलं असतं. धोक्याची खूण म्हणतात ती हीच.

आता आपल्या गावाकडे या. धरणातून पाणी सोडलं की मोबाईलवर निरोप येतो, 'गंगापूरमधून इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' निरोप बरोबर असतो, वेळेवरही येतो. पण क्युसेक म्हणजे किती, हे किती जणांना ठाऊक आहे? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे 28 टँकर. एवढा हिशेब केला तरी खरा प्रश्न राहतोच. त्या पाण्यात माझी मोटार बुडणार का? गोठ्यापर्यंत पाणी येणार का? ते निरोपात नसतं. मग माणूस म्हणतो, 'असे निरोप रोजच येतात, बघू सकाळी.' सकाळी मोटार, पाईप, केबल सगळं गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट. नाशिकच्या मारुतीवर खालच्या गावांनी सगळी भिस्त ठेवू नये. दारणेचं पाणी शहराच्या खाली गोदावरीला मिळतं, कादवेचं तर पार नांदूर मध्यमेश्वरला. म्हणजे मारुतीच्या पायाशी पाणी कमी असलं तरी निफाड तालुक्यात नदी फुगलेली असू शकते. 2016 च्या पुरात सायखेडा-चांदोरीच्या लोकांनी काय भोगलं, ते त्यांना सांगायला नको. म्हणून प्रत्येक गावाचं माप त्या गावातच हवं.

आणि खरा जीव जातो तो फरशीवर. फरशी पुलाच्या कडेला पांढरे-काळे दगड असतात ते शोभेसाठी नसतात. पाण्याखाली रस्ता कुठे संपतो आणि पाणी किती चढलं, हे ते सांगतात. माझ्या फिरतीच्या एका गावात असे निम्मे दगड पडलेले होते, उरलेल्यांचा रंग उडालेला. एक दूधवाला पहाटे अंधारात 'रोजचाच रस्ता आहे' म्हणून मोटारसायकल घेऊन आत शिरला. कडेच्या बाभळीला अडकला म्हणून वाचला. गाडी आणि किटल्या गेल्या. दगड उभे असते तर तो थांबला असता का? कदाचित नसता. पण थांबायचं कुठे, हे सांगणारं तिथे काहीच नव्हतं, आणि हा दोष एकट्या दूधवाल्याचा नाही.

ध्यानात ठेवा, गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाला पाडतं. दोन फूट पाण्यात चारचाकी तरंगायला लागते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. अंधारात पुढे पूल नाही हे ड्रायव्हरला दिसणार कसं? खूण नसली की अनुभवी माणूसही आंधळाच.

काही जण म्हणतील, हे काम सरकारचं. मोठ्या पुलाचं काम सरकारचंच, त्याबद्दल भांडलंच पाहिजे. पण गावातली खूण गावाने करायला कुणाची ना आहे? सरपंच, सदस्य आणि भाऊसाहेब मंडळींना माझं सांगणं एवढंच :

एक, 2008, 2016 आणि 2019 चं पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिथे देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ऑईलपेंटने रेघ ओढून साल लिहा. होळकर पुलाखाली किती क्युसेक असताना आपल्या पाराला पाणी लागतं, याची वहीत नोंद ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत क्युसेकचा अर्थ गावाला आपोआप कळेल.

दोन, फरशीचे पडलेले दगड उभे करा, रात्री चमकेल असा रंग द्या. पाणी फरशीला लागलं की दोन्ही टोकांना दोर बांधायचा. तो कुणी बांधायचा, हे नावानिशी ठरवा. 'सगळ्यांनी' म्हटलं की कुणीच जात नाही.

तीन, मोबाईलच्या भरवशावर राहू नका. रात्री लाईट जाते, फोन बंद असतात. ग्रामपंचायतीचा भोंगा किंवा देवळाची घंटा, एक काहीतरी पुरासाठी राखून ठेवा, आणि ते उगाच वाजवू नका. 'लांडगा आला रे'ची गोष्ट आपल्याला माहीत आहेच.

हवामान खात्याचे रंगही घरातल्या पोरांकडून पाठ करून घ्या. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मात्र हे रंग पावसाचे आहेत, नदीचे नाहीत. आपल्याकडे थेंब नसताना वर त्र्यंबकला कोसळला तरी पाणी आपल्याच दारात येतं.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. खर्च रंगाच्या डब्याचा आणि दोराचा. एका मोटारीच्या किमतीत दहा गावांचं काम होईल, आणि माणसाच्या जिवाची तर किंमतच नाही.